चार मिलिमीटरची वाट

औषधनिर्माणशास्त्राच्या प्रयोगशाळेत काचेचे एक छोटे उपकरण असते. त्याला फ्रान्झ सेल म्हणतात. वर एक उथळ वाटी, खाली एक कुपी आणि दोहोंच्या मध्ये चिमट्याने आवळून धरलेला कातडीचा तुकडा. हा तुकडा बहुतेक वेळा डुकराच्या कानाचा असतो, कारण ती त्वचा माणसाच्या त्वचेशी बरीच मिळतीजुळती असते. वरच्या वाटीत औषध घालायचे, कुपीतले द्रावण शरीराइतके ऊबदार ठेवून ढवळत राहायचे आणि तासातासाने खालून थोडा नमुना काढून त्यात औषध किती उतरले ते मोजायचे. मी गेली अनेक वर्षे विद्यार्थ्यांकडून हा प्रयोग करून घेतो आहे. केस उगवण्यासाठी जगभर वापरले जाणारे मिनॉक्सिडिल वाटीत घातले, की पहिल्या तासाचा आकडा पाहून दर वर्षी कोणीतरी विचारतेच, 'सर, मशीन बिघडलंय का?' मशीन ठीक असते. औषधच खाली आलेले नसते. संध्याकाळी वाटी पुसून पाहिली, की घातल्यातले बहुतेक औषध वरच सापडते.

हे पुस्तक त्या पुसलेल्या वाटीतून निघाले आहे. केस गळू लागले की माणूस विचारतो, 'यावर औषध कोणते?' प्रश्न स्वाभाविक आहे, पण अपुरा आहे. केस उगवू शकणारी औषधे गेली जवळजवळ चाळीस वर्षे आपल्या हाताशी आहेत. ती मुळाशी पोहोचतात किती, वाटेत कुठे सांडतात आणि जिथे जायला नको तिथे किती जातात, हा खरा प्रश्न आहे. गेल्या काही वर्षांत या विषयात जे नवे काम झाले, त्यातले बरेचसे नव्या औषधांचे नाही, औषधाच्या वाटेचे आहे. त्या कामाची ओळख मराठी वाचकाला त्याच्या भाषेत करून द्यावी, एवढ्यासाठी हा खटाटोप.

आधी ही वाट पाहू. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. केसाचा दिसणारा भाग निर्जीव असतो. जिवंत कारभार चालतो तो त्वचेखाली, सुमारे चार मिलिमीटर खोल असलेल्या केसाच्या कंदात. तिथल्या पेशी दोन ते सहा वर्षे अखंड वाढत राहतात, महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर केस वर ढकलतात, मग काही आठवडे आवरते घेतात, दोन-तीन महिने विसावतात आणि पुन्हा कामाला लागतात. आनुवंशिक टकलात टेस्टोस्टेरॉनपासून बनणारे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक या कंदांवर परिणाम करते. वाढीचा काळ दर फेरीला आखूड होत जातो, कंद लहान होतो आणि जाड काळ्या केसाच्या जागी मऊ, फिकट लव उरते. मूळ बराच काळ जिवंत असते, फक्त क्षीण झालेले असते. म्हणूनच औषधाला तिथे काही करता येते आणि म्हणूनच ते वेळेवर पोहोचावे लागते.

चार मिलिमीटर म्हणजे किती? पाठीला पाठ लावून ठेवलेल्या दोन-तीन नाण्यांची जाडी. पण या वाटेच्या तोंडाशीच एक तट आहे. त्वचेचा सर्वात बाहेरचा थर जेमतेम एक-दोन शतांश मिलिमीटर जाडीचा असतो. मेलेल्या, चपट्या पेशी विटांसारख्या रचलेल्या आणि त्यांच्या फटींत स्निग्ध पदार्थांचा चुना भरलेला, अशी त्याची बांधणी. हा थर आहे म्हणून आपण पावसात विरघळत नाही आणि उन्हात सुकून जात नाही. बाहेरचे आत येऊ न देणे हेच त्याचे काम आहे आणि औषधालाही तो परकेच समजतो. २००० साली बोस आणि माइनार्डी या दोन संशोधकांनी एक सोपा आडाखा मांडला: ५०० डाल्टनपेक्षा जड रेणू धडधाकट त्वचेतून सहसा जात नाहीत. मिनॉक्सिडिल सुमारे २०९ डाल्टनचे, फिनास्टेराइड ३७२ चे. दोन्ही मर्यादेत बसतात. ड्युटास्टेराइड ५२८ चे, म्हणजे उंबरठ्यावर अडकणारे. काही डॉक्टर ते डोक्याच्या त्वचेत सुईने का टोचतात, याचे एक कारण या आकड्यात आहे.

मिनॉक्सिडिलची कथा वाटेच्या दृष्टीने वाचली तर वेगळीच दिसते. अमेरिकेतल्या अपजॉन कंपनीने ते तीव्र रक्तदाबासाठी तयार केले आणि १९७९ मध्ये त्याच्या गोळीला तिथे मान्यता मिळाली. गोळी घेणाऱ्या रुग्णांच्या कपाळावर, गालांवर, हातांवर केस दाट होऊ लागले. औषध रक्तातून सगळीकडे जात होते, म्हणून केसही सगळीकडे येत होते. जे सर्वांगावर होते ते फक्त डोक्यावर व्हावे, यासाठी त्याचे लोशन झाले आणि १९८८ मध्ये २ टक्के मिनॉक्सिडिल पुरुषांच्या टकलावरचे औषध म्हणून तिथल्या बाजारात आले. तोच रेणू, तेच गुण. बदलली ती फक्त वाट. रक्तदाबाच्या गोळीचे केसांचे औषध झाले ते या बदलाने.

पण नव्या वाटेवर नव्या अडचणी होत्या. मिनॉक्सिडिल पाण्यात फारसे विरघळत नाही, म्हणून अल्कोहोल आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल वापरावे लागले. अल्कोहोल उडून गेले की औषधाचे बारीक स्फटिक केसांवर पांढऱ्या कोंड्यासारखे उरतात, आणि स्फटिक झालेले औषध त्वचेत शिरत नाही. प्रॉपिलीन ग्लायकॉलने कित्येकांच्या डोक्याला खाज सुटते, त्वचा लाल होते. २००६ मध्ये ते वगळून फेस आला, तो या तक्रारींमुळेच. लावलेल्या लोशनपैकी सरासरी १.४ टक्के औषध रक्तात जाते. हा आकडा लहान आहे हे चांगलेच, पण उरलेले सगळे मुळाशी गेले असे मात्र नाही. त्यातले बरेचसे केसांवर राहते, उशीला लागते, न्हाताना वाहून जाते. शिवाय मिनॉक्सिडिल जसेच्या तसे काम करत नाही. केसाच्या मुळाभोवतीच्या पेशींतले एक विकर त्याचे मिनॉक्सिडिल सल्फेट करते आणि खरा परिणाम त्या रूपाचा असतो. हे विकर सर्वांमध्ये सारखे नसते. दोघांनी एकच बाटली वापरली, एकाला गुण आला आणि दुसऱ्याला नाही, याचे उत्तर बहुतेकदा इथे सापडते. आलेल्या रुग्णाला निगा राखली नाही म्हणून दोष देण्याआधी हे आठवावे.

दुसरे औषध फिनास्टेराइड. १९७४ मध्ये ज्युलिअॅन इम्पेराटो-मॅकगिन्ली यांनी डोमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या कुटुंबांतल्या काही मुलांत टेस्टोस्टेरॉनचे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन करणारे विकर जन्मतःच उणे होते. मोठेपणी या पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी लहान राहत असे आणि त्यांना टक्कल पडत नसे. तोच परिणाम औषधाने साधता येईल, या विचारातून फिनास्टेराइड घडले. प्रोस्टेटसाठी ५ मिलिग्रॅमची गोळी १९९२ मध्ये आली आणि टकलासाठी १ मिलिग्रॅमची १९९७ मध्ये. गोळीने गुण येतो, पण ती शरीरभर फिरते. काही पुरुषांची कामेच्छा मंदावते, काहींना मनाची उदासी जाणवते. गर्भवती स्त्रीने तर फुटलेली गोळी हाताळूही नये, कारण गर्भातल्या मुलग्याच्या वाढीत ती बाधा आणू शकते.

मग हेच औषध डोक्यावर फवारले तर? २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या युरोपीय चाचणीत ०.२५ टक्के फिनास्टेराइडच्या फवाऱ्याची गोळीशी तुलना झाली. केसांची वाढ जवळपास सारखी निघाली. रक्तातले डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन मात्र गोळीने सुमारे ५६ टक्क्यांनी उतरले आणि फवाऱ्याने सुमारे ३५ टक्क्यांनी. हे दोन आकडे मी वर्गात फळ्यावर लिहून बराच वेळ तसेच ठेवतो. पहिल्यापेक्षा दुसरा कमी आहे, ही प्रगती. पण दुसरा शून्य नाही. 'वरून लावायचे, म्हणजे निर्धोक' हा समज या एका आकड्याने खोटा ठरतो. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मागणीनुसार बनवून विकल्या जाणाऱ्या अशा लोशनांबद्दल इशारा दिला, तोही याच कारणाने: दुष्परिणामांच्या तक्रारी येत होत्या आणि लावणाऱ्याच्या डोक्यावरून ते घरातल्या दुसऱ्या माणसाच्या त्वचेला लागण्याचा धोका होता.

तटातून जाणे इतके अवघड असेल, तर दाराचा शोध घ्यायला हवा. दार समोरच आहे. केस जिथून बाहेर येतो, ते रंध्र. पूर्वी पुस्तकांत असे लिहिलेले असे, की रंध्रांचे क्षेत्रफळ इतके थोडे आहे की त्यांचा विचार करण्याचे कारण नाही. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या संशोधकांनी हा समज मोडला. त्यांच्या एका प्रयोगात माणसांच्या छातीवरच्या त्वचेवर कॅफीन लावले. एकदा रंध्रे उघडी ठेवून, एकदा प्रत्येक रंध्र मेणमिश्रित लेपाने बुजवून. उघड्या रंध्रांतून पाच मिनिटांत कॅफीन रक्तात दिसू लागले. बुजवलेल्या वेळी वीस मिनिटे लागली. रंध्र हा मोठा रस्ता आहे, हे त्या पंधरा मिनिटांच्या फरकाने दाखवले.

त्याच गटाने, युर्गेन लाडेमान यांच्या पुढाकाराने, २००७ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. सुमारे ३२० नॅनोमीटरचे, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा शेकडो पटींनी लहान कण त्यांनी डुकराच्या त्वचेवर लावले. नुसते लावले तेव्हा कण आणि साधे द्रावण सारखेच वरवर राहिले. चोळल्यावर मात्र कण द्रावणापेक्षा बरेच खोल गेले. केसावर कौलांसारखी खवल्यांची रचना असते. केस हलला की ही खवली पंपासारखी काम करतात आणि त्यांच्या जाडीशी जुळणारा कण टप्प्याटप्प्याने आत ढकलला जातो, असे त्यांचे स्पष्टीकरण. एकदा रंध्रात बसलेले कण दहा दिवसांपर्यंत तिथे राहिले. द्रावण चारच दिवस.

आपल्याकडे तान्ह्या बाळाची टाळू भरण्यापासून न्हाण्याआधीच्या तेलमालिशीपर्यंत डोके चोळण्याची रीत पिढ्यान्पिढ्या आहे. या प्रयोगाने माक्याच्या तेलाने टक्कल जाते असे सिद्ध होत नाही, तसा अर्थ कोणी काढू नये. सिद्ध होते ते एवढेच, की चोळण्याला स्वतःचे एक यंत्रशास्त्र आहे आणि योग्य आकाराचा कण हाती असेल तर आजीच्या बोटांची ती हालचाल औषधाला खाली नेऊ शकते. हे कण स्वतः त्वचा भेदून पुढे जात नाहीत. ते रंध्रात कोठारासारखे बसतात आणि पोटातले औषध हळूहळू सोडतात. दिवसातून दोनदा लावायचे औषध आठवड्यातून एक-दोनदा लावून भागेल, ही आशा या कोठारावर उभी आहे. स्निग्ध पदार्थांच्या पोकळ गोळ्या, म्हणजे लायपोसोम. जेरुसलेममध्ये एल्का तूइतू यांनी अल्कोहोल मिसळून मऊ केलेले इथोसोम. मेणासारख्या घट्ट स्निग्धाचे नॅनोकण: ही सगळी कोठारांचीच रूपे. त्यांची घडण, गुण आणि मर्यादा पुस्तकाच्या दुसऱ्या भागात सविस्तर आहेत.

तिसरी वाट सुईची. आणि इथे एक धागा फार मागे जातो. सुश्रुतसंहितेत इंद्रलुप्तावर, म्हणजे केस जाऊन पडणाऱ्या चट्ट्यावर, त्वचेला फासण्या देऊन मग गुंजेचा लेप लावण्याची चिकित्सा सांगितली आहे. गुंजेचे बी विषारी असते, त्यामुळे हा प्रयोग घरी कोणी करू नये. पण आधी तट उघडायचा आणि मग औषध लावायचे, हा क्रम तिथे स्पष्ट आहे.

२०१३ मध्ये मुंबईत, शीवच्या लोकमान्य टिळक महापालिका वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. रचिता धुरत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १०० पुरुषांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांना ५ टक्के मिनॉक्सिडिल दिले. एका गटाच्या डोक्यावर आठवड्यातून एकदा दीड मिलिमीटर सुयांचा रोलरही फिरवला. बारा आठवड्यांनी ठरावीक जागेतल्या केसांची मोजणी झाली. फक्त मिनॉक्सिडिलच्या गटात सरासरी २२ केस वाढले होते, रोलरच्या गटात ९१. आज जगभर या विषयावरचा जवळपास प्रत्येक लेख या अभ्यासाचा आधार घेतो. महापालिकेच्या रुग्णालयातल्या गर्दीत, साध्या साधनांनी झालेले हे काम आहे आणि त्याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

या अभ्यासातला एक तपशील मात्र जाहिरातींत कधी येत नाही. रोलर फिरवल्यावर चोवीस तास मिनॉक्सिडिल लावायचे नाही, असे रुग्णांना सांगितले होते. म्हणजे सुईची छिद्रे उघडी असताना औषध आत ओतले जात नव्हते. मग गुण कशाने आला? सूक्ष्म जखम भरताना शरीर स्वतः जी वाढीची द्रव्ये सोडते, त्यांचा यात मोठा वाटा असावा. बाजारातून रोलर आणून, तो फिरवून लगेच वर लोशन ओतणारे तरुण मला भेटतात, तेव्हा मी त्यांना हा तपशील सांगतो. उघड्या छिद्रांतून रक्तात किती औषध गेले याचा हिशेब त्यांच्यापाशी नसतो आणि निर्जंतुक न केलेल्या सुईने काय आत नेले याचाही नसतो.

सुईचे पुढचे रूप म्हणजे विरघळणाऱ्या सूक्ष्म सुयांची पट्टी. मार्क प्राउस्निट्झ आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये सूक्ष्म सुयांनी त्वचा औषधासाठी खुली होते हे दाखवले. आता त्या सुयाच साखरेच्या वा प्रथिनांच्या, औषध पोटात घेऊन त्वचेत विरघळणाऱ्या अशा घडवल्या जात आहेत. चाई या आजारात केसांच्या मुळांवर शरीराचीच रोगप्रतिकार यंत्रणा हल्ला करते. त्यावर २०२२ मध्ये बॅरिसिटिनिब ही गोळी अमेरिकेत मान्य झाली. पण ती सर्व शरीराची प्रतिकारशक्ती दबवते. २०२४ मध्ये एमआयटी आणि ब्रिगहॅम रुग्णालयाच्या गटाने उंदरांवर वेगळी वाट चाचपली: सूक्ष्म सुयांच्या पट्टीने चट्ट्याच्या जागीच असे संदेशरेणू सोडायचे की हल्ला आवरणाऱ्या पेशी तिथे जमतील. नाण्याएवढ्या चट्ट्यासाठी सबंध माणसाला निःशस्त्र का करायचे, हा त्या कामामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो.

मात्र उंदरांबाबत सावध राहायला हवे. या संशोधनात वापरतात त्या काळ्या उंदराचे केस ठरावीक वयात सगळे एकदम विसावतात आणि एकदम वाढू लागतात. त्याची गुलाबी पाठ करडी झाली की संशोधक म्हणतात, केस आले. आपल्या डोक्यावर मात्र प्रत्येक केसाचे वेळापत्रक स्वतंत्र असते. उंदराची कातडी पातळ, मुळे उथळ. त्याची वाट चार मिलिमीटरची नसतेच. उंदरावर यशस्वी झालेली कितीतरी औषधे माणसापर्यंत आली नाहीत, त्यामागे हा फरक आहे.

या सगळ्या धांदलीत एक जुनी वाट पुन्हा रहदारीची झाली आहे. लोशनला कंटाळलेल्या रुग्णांना त्वचारोगतज्ज्ञ आता मिनॉक्सिडिलची गोळी अगदी कमी मात्रेत देऊ लागले आहेत. रक्तदाबासाठी देत त्याच्या लहानशा अंशाइतकी. ब्राझीलमध्ये झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोजची ५ मिलिग्रॅमची गोळी आणि दोनदा लावायचे ५ टक्के लोशन समोरासमोर ठेवले. गोळी सरस ठरली नाही आणि ती घेणाऱ्या जवळपास निम्म्या पुरुषांच्या अंगावर नको तिथे केस वाढले. तरीही पुष्कळांना गोळीच बरी वाटते, कारण ती रोज घेतली जाते आणि बाटली महिनाभरात कपाटात जाते. औषध थांबले की तीन-चार महिन्यांत मिळवलेले केस गळतात. म्हणून माणूस ते रोज, वर्षानुवर्षे वापरू शकेल का, हादेखील वाटेचाच प्रश्न आहे. पण गोळीच्या वाटेला मर्यादा घालणारी एक घटना विसरता येत नाही. २०१९ मध्ये स्पेनमध्ये ओमेप्रॅझॉल समजून चुकून मिनॉक्सिडिल भरले गेले आणि पित्तासाठी ते औषध दिलेल्या डझनाहून अधिक तान्ह्या मुलांच्या कपाळावर, गालांवर, हातापायांवर केस उगवले. औषध थांबवल्यावर ते गेले. रेणूला डोके आणि गाल यांतला भेद कळत नाही. तो भेद आपण वाटेने करून द्यायचा असतो.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने आहे. पहिल्या भागात केस आणि त्वचा, दुसऱ्यात रंध्राची वाट, तिसऱ्यात सुई, चौथ्यात गोळी आणि शेवटी वाचकाला स्वतः वापरता येईल अशी एक पद्धत. ती पद्धत मी प्रयोगशाळेतूनच घेतली आहे. फ्रान्झ सेलचा प्रयोग संपला की आम्ही पूर्ण जमाखर्च मांडतो. वाटी पुसून वर उरलेले मोजतो. चिकटपट्टीने त्वचेचा वरचा थर एकेक करून उचलतो आणि त्यात अडकलेले मोजतो. झटपट चिकटणाऱ्या गोंदाने रंध्रांतला ऐवज ओढून काढतो आणि तो मोजतो. खाली उतरलेले तर मोजलेलेच असते. या सगळ्यांची बेरीज घातलेल्या औषधाइतकी आली पाहिजे. आली नाही, तर प्रयोग बाद.

केस गळण्याचे दुःख वरवरचे नाही. लग्न ठरताना, नोकरीच्या मुलाखतीला जाताना, आजारातून उठल्यावर आरशासमोर उभे राहताना ते खोल जाते आणि ते बोलून दाखवायलाही माणसे लाजतात. स्त्रिया तर अधिकच. या लाजेवर मोठा बाजार उभा आहे आणि त्यात 'नॅनो', 'पेप्टाइड', 'पट्टी' हे शब्द मंत्रासारखे वापरले जातात. असा एखादा शब्द समोर आला, तर वाचकाने विकणाऱ्याला तीन गोष्टी विचाराव्यात: मुळाशी किती पोहोचले, रक्तात किती गेले आणि माणसांनी ते किती महिने वापरले. उत्तर नुसत्या आधीच्या-नंतरच्या छायाचित्रांत मिळाले, तर ते उत्तर नव्हे. उत्तर आकड्यांत मिळाले, तर ते घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जावे.

जूनमध्ये नवे विद्यार्थी येतील. त्यांच्यातले एक-दोघे टोपी घालून वर्गात बसतील आणि ती का घातली ते मला कळेल. पहिल्या तासाचा आकडा पाहून कोणीतरी मशीनबद्दल विचारील. मी त्यांना वाटी पुसायला सांगेन, आणि पुसलेले मोजायला.